रांजणाशेजारचे नव्वद दिवस

कपाटाच्या तिसऱ्या फळीवर आम्ही चोवीस जण होतो. त्यांपैकी सोळा चालू, पाच बॅटरीवाचून बसलेले, दोन फुटलेले आणि एकाचे झाकण हरवलेले. चालू सोळांतला अकरा नंबर तो मी.

मित्रांनो, मी तापमान नोंदणारा एक जुना लॉगर आहे. साबणाच्या वडीएवढा. रंगाने एके काळी पांढरा होतो, आता जुन्या दातांसारखा पिवळट झालो आहे. माझ्या पोटात मण्याएवढा एक संवेदक आहे. तो तापला की त्याच्यातून वीज सहज वाहते, गार झाला की अडखळते. ती किती अडखळते यावरून मी अंश ओळखतो. दर दहा मिनिटांनी माझा लाल दिवा एकदा लुकलुकतो, म्हणजे मी एक आकडा लिहिलेला असतो. दिवसाला एकशे चव्वेचाळीस आकडे. मला बोलता येत नाही, अंदाज बांधता येत नाही आणि खोटे लिहिता येत नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

कारखान्यात मला आधी शून्य अंशांच्या पेटीत ठेवले, मग पन्नास अंशांच्या. दोन्हीकडे मी बरोबर निघालो. तपासणाऱ्या बाईने मला कानाशी नेऊन हलवले, आत काही खुळखुळत नाही असे पाहिले आणि खोक्यात टाकले. त्या खोक्यातून मी एका कॉलेजात आलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत तीन अभ्यासक्रम दाटीवाटीने राहत होते. खिडकीकडे अक्षय ऊर्जा. त्यांना सगळे 'सौरवाले' म्हणत. मध्ये हरित इमारत. आणि दारापाशी, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागे, तिथे समाजशास्त्र. सौरवाल्यांकडे पॅनेलचे तुकडे होते, इमारतवाल्यांकडे विटांचे नमुने आणि आम्ही. समाजशास्त्राकडे दोन टेबले, एक बाई आणि चार विद्यार्थी होते.

"तुमचं काय बाबा, गप्पा मारायच्या आणि मार्क घ्यायचे," इमारतवाला एक मुलगा दारातून जाताना म्हणे. त्याच्या खिशात कायम मोजपट्टी असायची, म्हणून त्याचे नाव पट्टी पडले होते.

"आणि तुमचं काय? भिंतीचा ताप घ्यायचा आणि आत माणूस आहे का ते विचारायचं नाही," समाजशास्त्रातली एक मुलगी वहीतून मान वर न करता उत्तर देई. ती वहीवाली. निळ्या पुठ्ठ्याची तिची वही पावसाळ्यात ती पदराआड मूल धरावे तशी धरी.

दोघांचे भांडण रोजचे होते, पण एकाची वही दुसऱ्याने कधी उघडून पाहिली नाही. तीन अभ्यासक्रमांच्या मध्ये भिंत नव्हती, तरीही.

मग आम्हाला एक खरे काम मिळाले. गावाबाहेर कामगारांसाठी चार मजली इमारतींची नवी वसाहत झाली होती. छतावर सौर पॅनेलच्या रांगा होत्या. त्या रांगांची सावली पडते, म्हणून छत तापत नाही, म्हणून छतावर उष्णता अडवणारा थर घालायची गरज नाही, असे गणित इमारतवाल्यांच्या सरांनी कागदावर मांडले होते. सर आयुष्यभर छतांविषयीच बोलत आले होते. लोक त्यांना छतवाले सर म्हणत आणि त्यांना ते आवडे. गणित बरोबर की चूक हे मोजून ठरणार होते. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दुपारी तेहेतीस अंशांच्या आत राहिल्या, तर थर नाही. नाही राहिल्या, तर या वसाहतीच्या छतांवर थर घालायचा आणि शेजारी होणाऱ्या दुसऱ्या वसाहतीतही तो ठेवायचा. दुसरी वसाहत पहिलीच्या दुप्पट होती.

चालू सोळा लॉगर निघाले. चौदा खालच्या तीन मजल्यांवर गेले. वरच्या मजल्यावरची बहुतेक घरे दिवसा कुलूपबंद असत, म्हणून तिथे दोनच लागले. त्यांतला बारा नंबर अठराव्या दिवशी बॅटरी संपून गप्प झाला. राहिलो मी.

मी ज्या घरात गेलो तिथे एक मावशी आणि तिचे वडील राहत. मावशी शिलाईच्या मशीनवर लोकांचे कपडे कमीजास्त करून देई. आजोबा घड्याळजी होते. चाळीस वर्षे एका जिन्याखालच्या खोपटात बसून त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती. आता हृदय दमले होते. डॉक्टरांनी मावशीला स्पष्ट सांगितले होते, "यांना उकाडा झेपणार नाही. खोली गार ठेवा." खोली गार ठेवायची म्हणजे काय करायचे, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. त्यांच्या खोलीवर नेमकी दोन पॅनेल-रांगांमधली चालायची मोकळी पट्टी होती. सावली शेजारच्या जिन्यावर पडे, ऊन आजोबांच्या डोक्यावर.

पट्टीने मला आजोबांच्या खाटेशेजारी, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिळ्याला अडकवले. उंची दोनदा मोजली. जागा अगदी बरोबर होती. त्याच्या कामात मी आजही खोट काढणार नाही. चूक झाली ती बोलण्यात.

"आजोबा, हे नाजूक आहे बरं का," तो म्हणाला. "नीट जपा. आता सगळं याच्यावरच आहे."

"पोरा, नाजूक म्हणजे काय ते मला सांगतोस?" आजोबा हसले. "बायकांच्या मनगटावरची घड्याळं उघडलीत मी. तांदळाच्या दाण्याएवढी चाकं."

"मग काय, आमची काळजीच मिटली."

तो सकाळी अकराला गेला. दुपारी तीनपर्यंत आजोबा माझ्याकडे बघत पडून होते. मी चोवीस आकडे लिहिले. शेवटचा सदतीस पूर्णांक दोन होता. मग आजोबा उठून बसले आणि त्यांनी बोटाची पाठ माझ्या अंगाला लावली.

"अगं, हे तापलंय."

"सगळंच तापलंय, आप्पा," मावशी मशीनवरून म्हणाली.

"सगळ्याचं राहू दे. हे बिघडलं तर? घड्याळाला ऊन लागलं की तेल पातळ होतं, पातळ झालं की वाहून जातं, मग ते धावतं तरी नाहीतर मरतं. ती पोरं विश्वासाने ठेवून गेलीत. काढ ते तिथून."

मावशीने मला खिळ्यावरून काढले. आजोबांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून पत्र्याची एक डबी शोधली, आत कापूस अंथरला, मला निजवले. घरात सगळ्यात गार जागा एकच होती. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मातीचा रांजण होता आणि त्याच्या बुडाशी ओली वाळू. मातीतून पाणी झिरपते, हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या वाळूत आजोबांनी माझी डबी गळ्यापर्यंत रुतवली. वाळू सुकू लागली की मावशीला हाक मारत, "यंत्राला पाणी घाल गं."

त्यांनी मला जिवापाड जपले. इतके मला कुणी कधीच जपले नव्हते. खाटेवर माणूस भाजत होता आणि मी वाळूत एकोणतीस, तीस, एकतीस लिहीत होतो. खोटा एकही आकडा लिहिला नाही. प्रत्येक अंश खरा होता. पण तो वाळूचा होता, आजोबांचा नव्हता. मला ओरडता आले असते तर मी पहिल्याच दुपारी ओरडलो असतो. माझ्याकडे फक्त दिवा होता आणि तोही डबीत झाकलेला.

इमारतवाले नव्वद दिवस फिरकले नाहीत. यंत्र आपोआप लिहिते, मग कशाला जायचे? वहीवाली मात्र दर पंधरवड्याला येई, प्रश्नांचा कागद घेऊन.

"आजोबा, घरात उकाडा किती वाटतो? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे असह्य."

आजोबांच्या गळ्यापाशी ओला पंचा होता. ते विचार करून म्हणाले, "ते यंत्र लावलंय ना तुम्ही? ते सांगेल. माणसाने कशाला कुरकुर करायची? लिही तीन."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? माझं वाटणं कोण मोजतंय? तीन लिही, बाळ, आणि पाणी पी आधी. लाल झालीस."

ती पाणी प्यायला रांजणापाशी आली. ओल्या वाळूतली डबी तिने पाहिली. विचारले. मावशीने अभिमानाने झाकण उघडून मला दाखवले, "बघ, एक ओरखडा नाही." वहीवालीचे डोळे क्षणभर मोठे झाले. मला वाटले, आता सुटलो. ती आता मला उचलेल आणि खिळ्याला टांगेल.

तिने वही उघडली. तिच्या बाईंनी तिला पहिल्या दिवसापासून शिकवले होते, लोकांच्या घरी आपण पाहायचे, ढवळायचे नाही. तुमच्या सांगण्याने माणूस बदलला की तुम्ही माणूस पाहत नाही, स्वतःलाच पाहता. तिने तो धडा मनापासून गिरवला होता. तिने सुंदर अक्षरात लिहिले की उत्तरदाते यंत्राची काळजी घरातल्या आजारी माणसाआधी घेतात, विश्वासाने सोपवलेल्या वस्तूविषयीची त्यांची नीती यातून दिसते. पान एक्केचाळीस. खाली रांजणाचे छोटे चित्रही काढले. मग वही मिटली आणि ती गेली. त्यानंतर चार वेळा आली आणि चारही वेळा तिने मला वाळूत पाहिले.

नव्वदाव्या दिवशी पोरे येणार म्हणून आजोबांनी मला बाहेर काढले, मऊ फडक्याने पुसले आणि पुन्हा खिळ्याला अडकवले. "जसं दिलं तसं परत केलं पाहिजे," ते म्हणाले. पट्टी पन्नास मिनिटांनी आला. तेवढ्यात मी पाच आकडे लिहिले. तेहेतीस पूर्णांक एक, पस्तीस पूर्णांक सहा, सदतीस, सदतीस पूर्णांक सात, सदतीस पूर्णांक नऊ.

"वा आजोबा, नव्यासारखा ठेवलात!" पट्टी म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. आजोबा घामाने निथळत होते आणि हसत होते.

कॉलेजात माझे आकडे संगणकावर उतरले. बारा हजार नऊशे साठ. पट्टीने छतवाल्या सरांना विचारले, "सर, शेवटी एकदम उडी मारलीय. पाच नोंदी."

"भिंतीवरून काढताना हातात धरला असशील. हाताची उष्णता. ते पाच काढून टाक. आणि पहिले चोवीस तासही काढ, यंत्र जागेला सरावेपर्यंतचे धरायचे नसतात."

नियम बरोबर होता. सगळीकडे तसेच करतात. पहिल्या दिवसाबरोबर खिळ्यावरचे माझे चोवीस आकडे गेले आणि मागून पाच गेले. आजोबांविषयी मी जे एकोणतीस आकडे लिहिले होते, त्यांतला एकही उरला नाही. उरले बारा हजार आठशे अकरा, सगळे वाळूचे. दुपारची सरासरी तीस पूर्णांक चार. सरांचे गणित खरे ठरले. खोलीत टाळ्या वाजल्या. सौरवाल्यांनी पेढ्यासारखे काहीतरी वाटले. मला पुसून तिसऱ्या फळीवर ठेवले.

वहीवालीने आपला अहवाल निराळा दिला. त्यात उकाड्याची सरासरी तीन होती. दोन्ही अहवाल एकाच दोऱ्याने बांधून वर गेले. वाचणाऱ्यांनी आकड्यांचा वाचला.

त्यानंतर वर्ष गेले. कपाटात मला तारीख कळत नाही, पण मी खोलीतल्या बोलण्यावरून हिशेब लावतो. बाई निवृत्त होणार होत्या आणि समाजशास्त्र बंद होणार होते. चार विद्यार्थ्यांसाठी विषय कोण चालवतो? जायच्या आधी बाई वहीवालीचा प्रबंध तपासत बसल्या होत्या. वहीवाली वाचून दाखवत होती. पलीकडच्या टेबलावर पट्टी विटा मोजत होता.

"…पत्र्याच्या डबीत, रांजणाखालच्या ओल्या वाळूत…"

विटा मोजायचा आवाज थांबला.

"काय ठेवलं होतं वाळूत?" पट्टीने विचारले.

"तुमचा लॉगर."

"कुठला?"

"वरच्या मजल्यावरचा. घड्याळजी आजोबांकडचा."

"किती दिवस?"

"मी पाचदा पाहिला. पाचही वेळा तिथेच होता."

"पाचदा पाहिलास." त्याचा आवाज चिरका झाला. "पाचदा! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस? वर्षभर या टेबलापासून त्या टेबलापर्यंत आलास तरी का?" ती म्हणाली, आणि मग पुढचे बोलता बोलता तिचे तिलाच ऐकू आले. "आम्हाला शिकवलंय की ढवळायचं नाही." ती खाली बसली.

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ त्यांनी तो पुसला. "मी शिकवलंय," एवढेच म्हणाल्या.

पट्टीने जुनी फाईल उघडली. काढून टाकलेले आकडे तिथे होते. दोघे छतवाल्या सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आकडे तीनदा पाहिले, खिडकीशी गेले, परत आले. "पलीकडच्या वसाहतीची छतं ओतून झाली," ते म्हणाले. "काँक्रीट सुकलं. एकोणतीस नोंदींवर ते कोण उखडणार? पुन्हा मोजा. नीट मोजा. मग बघू." 'मग बघू' कधी उजाडते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वहीवाली मला खिशात घालून त्या घरी गेली. मावशीने दार उघडले. खाट नव्हती.

"आप्पा गेले गं," मावशी म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात नाही, या उन्हाळ्यात. दुपारी. मी ओला पंचा बदलायला गेले तर…" ती आत वळली. "खाली जिन्यात कागद लावला होता, वरच्या मजल्याचं तापमान समाधानकारक म्हणून. तो वाचल्यापासून त्यांनी गरम होतंय म्हणणंच सोडलं. म्हणायचे, मोजलंय त्यांनी, आकडा खोटा नसतो. माझंच अंग म्हातारं झालंय."

मित्रांनो, मी खिशात होतो. मला वाटले, ही मुलगी आता गप्प बसेल. दुःखात कशाला भर घालायची, असे म्हणून निघून जाईल. पण तिने सांगितले. वाळू, डबी, पान एक्केचाळीस, सगळे. आपण पाचदा पाहिले, हेही सांगितले.

मावशी ऐकत राहिली. तिच्या हातात टाचण्यांची डबी होती. ती तिने उघडली, मिटली.

"म्हणजे आम्ही जपलं म्हणून?"

वहीवालीने मला खिशातून बाहेर काढले.

"वाळूला पाणी मी घालत होते," मावशी म्हणाली. "रोज दोनदा."

"मावशी, तुमची चूक नाही. आम्ही—"

"चूक कुणाची ते तुझ्या वहीत लिही. मला आता शिवायचंय." ती मशीनपाशी जाऊन बसली. मशीन आता खिडकीखाली आले होते. बरीच टीप मारून झाल्यावर ती मागे न बघता म्हणाली, "लाव ते. इथे लाव, माझ्या डोक्यापाशी. आणि या वेळी कुणी काही म्हणालं तरी मी त्याला हात लावणार नाही. तापून मेलं तर मरू दे."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, धूळ पुसा, कोपऱ्यात टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. मला गार जागा देऊ नका, कापसात निजवू नका, चांगला दिसावा म्हणून पुसू नका. जिथे माणूस बसतो तिथे मला लावा आणि त्याच्याबरोबर तापू द्या. आणि मी लावलेला असलो तरी त्या माणसाला विचारा, त्याने सांगितले तर ते ऐका, आणि जे पाहाल ते पलीकडच्या टेबलावर जाऊन सांगा. मी साधे यंत्र आहे. मला जिथे ठेवाल तिथलेच मला कळते. हे सगळे मी फार उशिरा सांगतो आहे, हे मला माहीत आहे.

मावशीच्या मशीनशेजारी मी पंधरा दिवस होतो. एकूण नोंदी दोन हजार एकशे साठ. सर्वांत कमी एकतीस पूर्णांक चार. तेहेतीस अंशांवरच्या नोंदी एक हजार सातशे चार. सर्वांत जास्त, नवव्या दिवशी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, एक्केचाळीस पूर्णांक सहा.